पाचव्या ओळीतलं ‘म्हणून’

गणिताच्या सरांनी उत्तरपत्रिका तासापुरत्या बघायला वाटल्या. आईला छत्तीस मिळाले होते आणि पास व्हायला चाळीस लागत होते. ही तिची तिसरी खेप, आणि तिसऱ्यांदाही गडगडलं की पदवीवर पाणी सोडायचं, असा कॉलेजचा नियम. बेचाळिसाव्या वर्षी, दिवसभर कारखान्यात पत्र्याचे डबे घडवून संध्याकाळी लेकीच्याच वर्गात जाऊन बसायला काय लागतं, ते नियम करणाऱ्यांनी एकदा बसून बघावं.

पाच गुणांच्या एका उदाहरणावर सरांनी लाल फुली मारून शून्य दिलं होतं. पंधरा बाय चोवीस सेंटिमीटरचा पत्रा. चारही कोपऱ्यांतून सारखे चौकोन कापून कडा वर दुमडायच्या. डब्यात जास्तीत जास्त पाणी मावायचं तर चौकोनाची बाजू किती? आईचं उत्तर होतं तीन. शेजारी बसलेल्या लेकीचं पाच, आणि तिला पैकीच्या पैकी.

आईने तिचा कागद ओढला. पहिल्या चार ओळी दोघींच्या सारख्या. पाचव्या ओळीत लेकीने नुसतं ‘म्हणून’ लिहून पाच ठोकून दिलं होतं.

“हे पाच कुठून उपटलं गं?”

“पुस्तकात मागे दिलंय. सगळ्यांनी पाठ केलंय ते. मागचं उत्तर धरायचं आणि वरच्या पायऱ्या जुळवायच्या.”

“आणि नाही जुळल्या तर?”

“तर ‘म्हणून’ लिहायचं. आई, सरांकडे जाऊ नकोस हां. मला त्रेचाळीस आहेत. हे पाच गेले तर मी नापास!”

आईला लेकीचा सणकून राग आला. पण त्याहून जास्त राग त्या ‘म्हणून’चा आला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने एकाच मापाचे दोन पत्रे घेतले, एकाचे कोपरे तीनने, दुसऱ्याचे पाचने कापले, दुमडले, सांधे डाख देऊन पक्के केले आणि दोन्ही डबे पिशवीत घालून संध्याकाळी थेट सरांच्या टेबलावर मांडले. पाचाचा डबा काठोकाठ भरून तिनाच्या डब्यात ओतला. पाणी काठाला पोचलंच नाही.

“छान,” सर म्हणाले. “पाच चुकीचं ठरलं. पण तीनच सगळ्यांत मोठं कशावरून? दोन पूर्णांक नऊ दशांश कापून पाहिलंत?”

प्रश्न अगदी रास्त होता, आणि आईला तो आवडलाही. जन्मभर पत्रे कापले तरी एक कापायचा राहतोच. म्हणून तर ती गणिताच्या वाटेला आली होती.

“त्यासाठीच डेरिव्हेटिव्ह काढलाय, सर. शून्य धरला की तीन येतं नाहीतर दहा. आता पंधराच्या पत्र्यातून दोन्हीकडून दहा-दहा कापायला मी पत्रा कुठून आणू?”

सर हसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “उत्तरसूचीत पाच आहे. अठ्ठावीस मुलांनी पाच लिहिलंय. कशाला घोळ घालता? तुम्हाला चार गुण ग्रेसचे देतो. पास व्हाल.”

घे मुकाट्याने, असं आईला मनापासून वाटलं.

“ग्रेस चुकलेल्याला देतात, सर. मी कुठल्या ओळीत चुकले ते दाखवा.”

“मग नापास राहाल.”

“राहीन. ओळ दाखवा.”

सरांनी वैतागून गठ्ठ्यातून तिची उत्तरपत्रिका ओढली आणि स्वतः सोडवायला घेतलं. पाचव्या ओळीवर पेन थांबलं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मांडलं. मग कपाटातून पुस्तकाची जुनी आवृत्ती काढली. त्यात पत्रा होता पंचवीस बाय चाळीस, उत्तर पाच. नव्या आवृत्तीत पत्र्याचं माप बदललं होतं, मागचं उत्तर तसंच राहिलं होतं.

“दर वर्षी तुम्ही हे फळ्यावर सोडवता,” आई म्हणाली. “मी दोनदा उतरवून घेतलं. दोन्ही वेळा पाच कसं आलं ते कळेना. वाटलं, माझंच डोकं गंजलंय. कसं काढत होता, सर?”

सरांनी पुस्तक मिटलं.

“मागे बघून,” ते म्हणाले.

त्यांनी शून्य खोडून पाच केले, बेरीज एकेचाळीस केली, खाली सही केली. मग हताशपणे बाकीच्या गठ्ठ्याकडे पाहिलं.

“मग आता त्या अठ्ठावीस जणांचे पाच-पाच काढून घ्यावे लागतील, आणि सगळ्यांना पुन्हा सोडवायला लावावं लागेल.”

“लावा की,” आई म्हणाली. तिने गठ्ठ्यातून लेकीची उत्तरपत्रिका शोधून काढली आणि सगळ्यांत वर ठेवली. “हिच्यापासून सुरुवात करा.”