मीठ बघून सांगा

"हात लावून बघ," असं म्हणत एरिबेर्तोने मांसाचा लांबट तुकडा फळीवरून माझ्याकडे सरकवला.

मी टेबलांवर कागद अंथरत होते, आणि हात नुकतेच धुतले होते. "मी वाढपीण आहे, उस्ताद. डॉक्टर नाही."

"लाव गं, काटकुळे. ती गाय काही ओरडणार नाही."

मी अंगठा दाबला. चांगल्या मांसात अंगठा रुततो आणि काढला की खळगा सावकाश भरून येतो, एवढं इतक्या वर्षांत मलाही कळायला लागलं होतं. इथे अंगठा रुतलाच नाही. कडेची चरबी मेणबत्तीसारखी पिवळी होती.

"म्हातारी आहे," मी म्हटलं.

"म्हातारी? अगं, हिच्या नातवंडांची लग्नं झाली असतील." एरिबेर्तोने सुरी पुसून खाली ठेवली. "आणि फळ्यावर काय लिहिलंय, वाच."

फळ्यावर लिहिलं होतं, 'घरचा खास स्टेक, कोवळ्या गोऱ्ह्याचा'. पुढे किंमत. सगळं खडूने. छापील मेनू आम्ही केव्हाच सोडून दिला होता, कारण छापखान्यातून येईपर्यंत त्यातल्या किमती शिळ्या व्हायच्या. फळ्याच्या खिळ्याला एक ओला बोळा कायम टांगलेला असे.

"ऐकतोय मी," गल्ल्यामागून मालक म्हणाला. फाउस्तो त्याचं नाव. खानावळ त्याच्या सासऱ्याची, आणि सासरा गेल्यापासून डोकेदुखी त्याची. "चांगलं मांस जहाजात बसून परदेशी जातं, उस्ताद. दुष्काळात लोकांनी गुरं विकून टाकली. आता खाटकाकडे जे उरलंय त्याचा भाव ऐकलास तर तुला घेरी येईल. आज लुदमिला तिच्या टूरवरचे पंचवीस पाहुणे आणतेय. त्यांना काय कळतंय? वरून हिरवी चटणी ओत."

"चटणी?" एरिबेर्तो म्हणाला.

त्या एका शब्दानंतर फाउस्तो उगाचच गल्ल्याचा खण उघडझाप करायला लागला. स्टेकवर चटणी मागणाऱ्या गिऱ्हाईकाला एरिबेर्तो बोलत काही नसे, पण त्याच्याकडे असा बघे की माणूस आपली बशी स्वतःकडे ओढून घेई.

"तुझी खानावळ, तुझी गाय," तो शेवटी म्हणाला. "भाजून देतो. पण टाळ्यांना मी बाहेर येणार नाही."

हे ऐकून फाउस्तोचा चेहरा पडला, आणि तो का पडला ते मला कळत होतं. आमच्याकडे जेवण उरकत आलं की कुणीतरी ओरडतं, "आसादोरसाठी टाळ्या!" आसादोर म्हणजे विस्तवाशी उभा राहून भाजणारा. नामकरण असो, वाढदिवस असो, अंगणात मेव्हण्याने भाजलेलं असो, टाळ्या चुकत नाहीत. मग आसादोर फडक्याला हात पुसत येतो, मान जरा लववतो आणि परत जातो. खानावळीत हे क्वचित घडतं. आमच्याकडे मात्र दर रविवारी घडायचं, आणि मातादेरोस भागातल्या घोड्यांच्या जत्रेला आलेले प्रवासी त्याच्यासाठी वाकडी वाट करून आमच्या दारात यायचे.

"येणार नाही म्हणजे?" फाउस्तो म्हणाला. "लुदमिलाने फोटोसकट विकलंय ते! जत्रा, घोडे, जेवण, टाळ्या, आसादोरबरोबर फोटो. ती दुसरीकडे गेली तर आपण काय चिमण्यांना वाढायचं?"

"मग तू उभा राहा फोटोला. पोट तुझंही आहे की."

एरिबेर्तो उत्तरेकडच्या सांतियागो प्रांतातला. तिकडची माणसं म्हणजे दुपारच्या झोपेतून संध्याकाळच्या झोपेत जाणारी, असं आमच्याकडे चिडवतात. मीही चिडवायची. तो म्हणायचा, "झोपलेला माणूस मांस जाळत नाही, काटकुळे. जाळतो तो घाईतला." घाई त्याने कधी केली नाही. विस्तव तो बाजूला पेटवी, आणि निखारे पांढरे झाले की फावड्याने थोडेथोडे जाळीखाली ओढी. त्याच्या विस्तवाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, मालकानेसुद्धा नाही. मोडक्या संसाराचा माणूस होता, बायको मुलाला घेऊन गावी परत गेली होती. त्याच्याजवळ स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं, विस्तव आणि नाव. मला त्याचा अभिमान वाटायचा. वाटायचा काय, अजूनही वाटतो, आणि ते सांगायला मी लाजत नाही.

आणि आमील्कार होता. एका हाताने जेवणारा म्हातारा. जन्मभर गुरांच्या बाजारात घोड्यावर बसून गुरं हाकली. मग लकव्याने उजवा हात गेला. तो मांडीवर ठेवून आमील्कार कट्ट्याशी, म्हणजे जाळीच्या अगदी समोर, बसायचा. पूर्वी दर रविवारी त्याचा स्टेक ठरलेला. पेसो गडगडला तेव्हा परदेशी लोक आमच्याकडे हसत हसत बिल भरायचे, त्यांच्या गावच्या कॉफीच्या भावात त्यांना मांस आणि वाइन मिळत होती. आमील्कारचं पेन्शन मात्र पेसोतच होतं. त्याचा स्टेक अर्धा झाला, मग महिन्यातून एकदा, मग नाहीच. मग पेसो सावरला म्हणाले. म्हणजे झालं काय, तर परदेशी लोकही किमती बघून डोळे विस्फारायला लागले, आणि आमील्कार होता तिथेच राहिला. आता तो एक चोरीसो-पाव, म्हणजे पावात घातलेलं सॉसेज, मागवायचा आणि तो तासभर पुरवायचा.

फुकट दिलेलं त्याने घेतलं नसतं. एकदा फाउस्तोच्या सासऱ्याने प्रयत्न केला होता, तर महिनाभर दिसला नाही. म्हणून एरिबेर्तोने वेगळीच युक्ती काढली. स्टेक जाळीवरून उतरला की त्याचा मधला चांगला तुकडा काट्याला लावून तो आमील्कारपुढे धरी आणि म्हणे, "जरा मीठ बघून सांगा."

आमील्कार सावकाश चावे. छताकडे बघे. मग म्हणे, "मीठ ठीक आहे."

"नक्की? अजून एक घेऊन बघा. कडेला कमी पडलं असेल."

एवढ्या मोठ्या हयातीत एरिबेर्तोच्या हातून मीठ कधी चुकलं नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. पण मीठ तपासायचं काम होतं, आणि कामाला नाही म्हणायची आमील्कारला सवय नव्हती.

त्या रविवारी पंचवीस पाहुणे आले. म्हाताऱ्या गायीचं जेवढं भलं करता येईल तेवढं एरिबेर्तोने केलं. पातळ कापलं, वेळ दिला, जपून भाजलं. मी बशा नेत होते. पाहुणे चावत होते, हसत होते, फोटो काढत होते, पुन्हा चावत होते. चटणीची भांडी मात्र मला दोनदा भरावी लागली.

कट्ट्यावर आमील्कारचा पाव संपला होता. तो वाट बघत होता. जाळीवरून स्टेकमागून स्टेक उतरत होते, आणि त्याच्यापुढे काटा काही आला नाही.

"उस्ताद," शेवटी तो म्हणाला, "आज मीठ नाही बघायचं?"

एरिबेर्तोने मागे न वळता सांगितलं, "आज नको, आमील्कार. आज मीठ मीच बघितलं."

म्हाताऱ्याने जाळीकडे पाहिलं. उभा जन्म गुरांत गेलेला माणूस तो, पिवळी चरबी त्याला दुरूनही दिसली असणार. त्याने डाव्या हाताने टोपी घातली आणि उठून गेला. मला त्या क्षणी फाउस्तोच्या डोक्यात बशी घालावीशी वाटली.

मग लुदमिला उभी राहिली. चुणचुणीत मुलगी, चार भाषा बोलते आणि चारही भाषांत घाईत असते. "आसादोरसाठी टाळ्या!" ती ओरडली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या, मोबाइल वर धरले. एरिबेर्तो पाठ करून निखारे ओढत राहिला. टाळ्या लांबल्या, मग विरळ झाल्या, मग थांबल्या. एका आजीबाईंनी माझा हात धरून खुणेने विचारलं, तो आजारी आहे का? मी मान हलवली. हो की नाही, ते माझं मलाच माहीत नव्हतं.

"पुढच्या रविवारी पण असंच होणार असेल तर मला आत्ताच सांगा," जाताना लुदमिला फाउस्तोला म्हणाली. "मला लोकांना तोंड द्यावं लागतं."

पाहुण्यांची बस गेल्यावर फाउस्तो जाळीपाशी आला. "खूश? त्यांना आवडलं होतं, उस्ताद! टाळ्या वाजवल्या त्यांनी! तुला अजून काय पाहिजे?"

"त्यांनी लुदमिलाने सांगितलं म्हणून वाजवल्या." एरिबेर्तो फडकं घडी करत होता. "आमील्कारला जे देऊ शकत नाही ते मी पंचवीस जणांना दिलं, फाउस्तो. तेही कोवळ्याचं नाव लावून. हे परत होणार नाही. पाहिजे तर दुसरा माणूस बघ."

"आणि गोऱ्हा कुठून आणू? जहाज लुटू?"

"स्टेक नको आणूस. बरगड्या आण, पोटाकडचं आण. जहाजवाले ते ढुंकूनही बघत नाहीत. मला सकाळपासून विस्तव दे आणि मध्ये बोलू नकोस. आणि फळ्यावर जे आहे तेच लिही."

"प्रवासी स्टेक खायला येतात!"

"मग येऊ नयेत."

फाउस्तो वाईट माणूस नाही. सासऱ्याचं नाव आपल्या हातून बुडेल या धास्तीने त्याची झोप उडालेली असते, एवढंच. तो फळ्याकडे बघत उभा राहिला. मग मीच खिळ्यावरचा ओला बोळा काढला आणि 'कोवळ्या गोऱ्ह्याचा' या शब्दांवरून फिरवला. "अगं ए!" तो म्हणाला, पण मला थांबवलं नाही.

पुढच्या रविवारी मी आले तेव्हा विस्तव केव्हाचा पेटलेला होता. बरगड्या हाडांच्या बाजूने खाली, जाळी उंचावर, निखारे इतके थोडे की भाजतंय की नुसतं ऊन दाखवतोय असं वाटावं. फाउस्तो तीनदा येऊन बघून गेला आणि तिन्ही वेळा मध्ये बोलला नाही. सकाळ सरत गेली तशी चरबी वितळायला लागली, आणि वासाने शेजारचा न्हावी गिऱ्हाईक खुर्चीत सोडून दारात येऊन उभा राहिला.

आमील्कार येईल की नाही, याची मला धाकधूक होती. आला. मागच्या वेळेसारखाच चोरीसो-पाव मागवला आणि जाळीकडे न बघता खायला लागला.

मग बस आली. "स्टेक कुठाय?" फळा वाचून एकाने विचारलं. लुदमिलाने फाउस्तोकडे बघितलं, फाउस्तोने छताकडे. एक गृहस्थ दोन वर्षांपूर्वीही येऊन गेले होते. ते तिला सांगत होते, मग ती मला सांगत होती, की तेव्हा याहून कमी पैशांत त्यांनी तळहाताएवढा जाड स्टेक आणि वाइनची बाटली संपवली होती. आणि आता बरगड्या?

"त्यांना सांग," मी म्हटलं, "तेव्हा आमच्या खिशातून जेवून गेलात. आता तुमच्या खिशातून जेवा."

लुदमिलाने काय सांगितलं कोण जाणे, गृहस्थ हसले.

पहिली बरगडी जाळीवरून उतरली. एरिबेर्तोने हाडाजवळचा तुकडा कापला, काट्याला लावला आणि वळून कट्ट्यावर धरला.

"जरा मीठ बघून सांगा."

आमील्कारने पाव खाली ठेवला. तुकडा तोंडात घेतला. छताकडे बघितलं. चावत राहिला. एरिबेर्तो रिकामा काटा हातात घेऊन उभा होता. मी दोन बशा घेऊन त्यांच्यामागे खोळंबले होते, पण मला पुढे जायला सुचेना. 'मीठ ठीक आहे' हे त्याचं ठरलेलं वाक्य काही आलं नाही. म्हाताऱ्याने डोळे मिटले आणि तसाच बसून राहिला.

"कमी आहे?" एरिबेर्तोने विचारलं. त्याच्या आवाजात भीती मी पहिल्यांदा ऐकली.

आमील्कारने जा, जा, असा हात हलवला. एरिबेर्तो जाळीकडे वळला, कारण पंचवीस माणसं ताटकळत होती.

पाहुणे जेवले. आधी काट्याने, मग बोटांनी, मग हाडं हातात धरून. टेबलांवर बोलणं थांबलं होतं. एकाही भांड्यातली चटणी हलली नाही. पण टाळ्यांची वेळ आली तेव्हा लुदमिला दारात फोनवर कुणाशी तरी भांडत होती, आणि तिने सांगितल्याशिवाय टाळ्या वाजवायच्या असतात हे पाहुण्यांना माहीत नव्हतं. लोक हात पुसायला लागले, पिशव्या शोधायला लागले. जन्मात भाजलं नसेल असं एरिबेर्तोने त्या दिवशी भाजलं होतं, आणि खानावळीत खुर्च्या सरकवल्याचा आवाज तेवढा येत होता.

तेवढ्यात कट्ट्यावर धप् असा आवाज झाला.

आमील्कार उभा होता. उजवा हात बाजूला लोंबत होता, आणि डाव्या हाताचा पंजा तो लाकडी कट्ट्यावर आपटत होता. धप्. धप्. धप्. संथ, नेटाने, गुरं फाटकातून पुढे काढताना खोगिरावर थाप मारावी तसा. टाळी वाजवायला दुसरा हात नव्हता त्याच्याजवळ. बशा खणखणल्या. पाहुणे वळून बघायला लागले. फाउस्तो गल्ल्यामागे उभा राहिला.

एरिबेर्तोची पाठ जाळीपुढे ताठ झाली. त्याने फावडं भिंतीला टेकवलं. कमरेचं फडकं काढून हात पुसले, एकेक बोट करून. मग तो बाहेर आला. मोबाइल वर धरलेल्या पाहुण्यांना ओलांडून सरळ कट्ट्यापाशी गेला, आणि आमील्कारपुढे त्याने मान लववली. नेहमीसारखी जराशी नाही, चांगली छातीपर्यंत.

आमील्कार थांबला नाही, कट्टा वाजवतच राहिला.

आमच्या धंद्यात वाढपिणीने टाळ्या वाजवायच्या नसतात. इतक्या वर्षांत मी कधी वाजवल्या नव्हत्या, कारण दर वेळी माझे दोन्ही हात बशांत अडकलेले असत. त्या दिवशीही होते.

बशा मी खाली ठेवल्या.