बाटलीत उरलेली साखर

ती गोष्ट एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी सालची. मित्रांनो, आज मी एक जुना पंप आहे, पण तेव्हा ऐन उमेदीत होतो. माझे काम ऐकून तुम्हाला हसू येईल. मी जिवाणूंना जेवू घालत असे.

जिवाणू म्हणजे डोळ्यांना न दिसणारे इवलेसे जीव. ते सगळेच काही आजार पसरवत नाहीत. आमच्या औषध कारखान्यातले जिवाणू लहान मुलांच्या एका दुखण्यावरचे औषध आपल्या अंगात तयार करत. त्यांचे घर म्हणजे एक चकचकीत पोलादी टाकी. तिला खालून हवा मिळे, मधला पंखा सारखा घुसळत राही आणि वरून मी साखरेचे पाणी सोडत असे. माझ्या पोटात लहान लहान चाके आहेत. ती फिरताना एका मऊ नळीला चेपत पुढे जातात आणि नळीतले पाणी थेंबाथेंबाने टाकीत पडते. माझ्या शेजारी माझा जुळा भाऊ होता. टाकीतले पाणी आंबट होऊ लागले की तो अमोनिया सोडून ते ताळ्यावर आणत असे.

आमच्या खोलीच्या बाई शिकलेल्या आणि कामाला वाघ. यंत्रे सांभाळणारे मिस्त्री त्यांचे धाकटे दीर. घरची थट्टामस्करी ते दोघे जेवणाच्या डब्याबरोबर कारखान्यात घेऊन येत.

"वहिनी, घरी मला दोनदा मागितल्याशिवाय काही मिळत नाही. आणि या किड्यांना न मागता वाढताय!"

"भाऊजी, ते तुमच्यासारखी नावं नाही ठेवत स्वयंपाकाला."

पण हसता हसता बाईंचा चेहरा मध्येच उतरे. एवढी मोठी टाकी, आणि जिवाणू निघत ते पसाभर. औषध पुरे पडत नसे. एक दिवस कारखान्याचे साहेब दारातच उभे राहून म्हणाले, "बाई, हे असं पाणचट किती दिवस चालायचं? पुढच्या वेळी दाट झालं नाही, तर ही खोली बंद करू. तुम्ही कचेरीत बसा."

खोली बंद म्हणजे औषध बंद. बाईंनी टाकीवर हात ठेवला. "भुकेली असतील लेकरं," असे म्हणून त्यांनी माझी वेगाची कळ आणखी वर फिरवली. बाईंची माया मोठी, पण घोटाळा तिथेच होता. साखर अति झाली की जिवाणू ती धड पचवत नाहीत, भोवती आंबट पाणी करून ठेवतात आणि त्यातच त्यांची वाढ खुंटते. माझ्या भावाची अमोनिया ओतता ओतता दमछाक होई. बाईंना वाटे, वाढ जोरात आहे म्हणून अमोनिया लागतो आहे.

त्या खेपेला नव्या नळ्या वेळेवर आल्या नाहीत. मिस्त्रींनी माझ्या पोटात जुनीच नळी राहू दिली. ती चेपून चेपून चपटी झाली होती. कळ तिथेच असली, तरी दर फेऱ्याला साखर कमी जात होती. मला कळत होते, पण सांगणार कसे?

आणि काय सांगू, टाकी भरून आली! पाणी भिंतीला द्यायच्या रंगासारखे दाट झाले. पंख्याला घुसळणे जड जाऊ लागले. बाई काचेच्या झरोक्याला नाक लावून उभ्या राहिल्या. तेवढ्यात त्यांची नजर माझ्या साखरपाण्याच्या बाटलीकडे गेली. "भाऊजी, एवढी साखर उरली कशी? गळ्यापर्यंत भरलीत वाटतं!"

"चुकलं, वहिनी," मिस्त्री म्हणाले.

साहेब मात्र म्हणाले, "एकदा जमलं, छान झालं. पुन्हा करून दाखवा, मग खोली तुमची."

नव्या नळ्या आल्या. बाईंनी हौसेने स्वतःच्या हाताने नळी बसवली, कळ होती तिथेच ठेवली. पण वाढ अर्ध्यावरच थांबली. टाकीतला फेस झरोक्यापर्यंत चढला. भावाची अमोनियाची बाटली रिकामी झाली. बाई डबा न उघडताच स्टुलावर बसून राहिल्या.

"वहिनी, चार घास खाऊन घ्या."

"नका आग्रह करू, भाऊजी. भूक नसताना कुणी वाढलं की अन्न अंगी लागत नाही." बोलता बोलता त्यांची नजर माझ्याकडे वळली. माझी बाटली तळापर्यंत कोरडी होती. त्या तिच्याकडे बघतच राहिल्या. "त्या वेळी साखर उरली होती ना? तुम्ही नक्की किती भरली होती?"

"नेहमीच्या खुणेपर्यंत."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतक्या खुशीत होता! म्हटलं, जाऊ दे."

"ती जुनी नळी कुठं आहे?"

मिस्त्रींनी मान खाजवली. "घरी. टोमॅटोच्या रोपाला बांधलीय."

"आधी सोडवून आणा!"

नळी आली, बुडाला माती लागलेली. बाईंनी ती धुऊन माझ्या पोटात घातली आणि मापाच्या भांड्यात पाणी सोडून पाहिले. मग नवी घालून पाहिले. जुनीतून कितीतरी कमी पाणी पडत होते. बाई खुदकन हसल्या. "आपण मेलं त्यांना खाऊ घालून घालून आजारी पाडत होतो, भाऊजी!"

पुढच्या वेळी त्यांनी कळ अगदी खाली ठेवली. आधीची साखर संपली का पाहायचे, जिवाणू वाढतील तशी माझी कळ थोडी थोडी वर न्यायची. शेवटी साहेब आले, झरोक्यात वाकून पाहू लागले. "बाई, आतला पंखा कुठं गेला?"

"आहे तिथंच. दाटीत दिसत नाही."

साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिले. "खोली तुमची," म्हणाले.

आता साहेब नातवंडांत रमले आहेत, असे ऐकतो. मिस्त्री निवृत्त झाले. त्यांच्या बागेतले प्रत्येक रोप म्हणे माझ्या जुन्या नळ्यांनी बांधलेले आहे. माझा भाऊ अमोनियाने गंजून गेला, त्याची आठवण येते. बाई नंतर कॉलेजात शिकवू लागल्या आणि जाताना मला मागून घेऊन गेल्या. आता त्यांचे केस पांढरे झाले आहेत, पण अधूनमधून कॉलेजच्या प्रयोगशाळेत येतात. कुणा विद्यार्थ्याने घाईने माझी कळ वर केली, की मागून आवाज येतो, "थांब जरा. त्यांना भूक लागू दे."

मित्रांनो, तुम्ही कधी मला चालवलेत, तर एवढे करा. काम झाले की नळी माझ्या चाकांखालून मोकळी करा, तिलाही विसावा हवा असतो. आणि बाटलीत थोडी साखर उरली, तर ओतून देण्याआधी तिच्याकडे एकदा नीट बघा.