परदेशातली पाच टेबलं

परदेशात कुठं जेवावं हे लोकांना सांगण्यात मामांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. सहलींचं बुकिंग करणाऱ्या माणसाला एवढं यायलाच हवं. पण सख्ख्या भाचीपुढे त्यांनी हात टेकले होते.

भाची एका मोठ्या हॉटेलात स्वयंपाकी. पोरीच्या हाताला चव अशी, की सहजासहजी कुणाचं कौतुक न करणारे तिथले वस्तादही म्हणाले, "आठवडाभर बाहेरचं खाऊन ये. परत आलीस की नवा मेनू तू ठरवायचास." अशी संधी काय रोज दार ठोठावते? एकही जेवण फुकट जाऊन भागणार नव्हतं. आईबाप गेल्यापासून तिचं सगळं मामांनीच बघितलेलं, तेव्हा हेही तेच बघणार होते. सोबतही तेच जाणार होते.

रोज संध्याकाळी ते लॅपटॉप उघडून तिला हाक मारत.

"हे बघ, काचेची जमीन, खाली समुद्र!"

"छान आहे."

"आणि इथं बारा पदार्थ, बारा तऱ्हेच्या ताटल्यांतून!"

"छान आहे, मामा."

बंदराजवळच्या गल्लीत एक म्हातारी आठ खुर्च्या मांडून लोकांना जेवू घालायची. तिथला फोटो भाचीनं जरा जास्त वेळ बघितला आणि म्हणाली, "हे चालेल."

मामांचं डोकंच फिरलं. चालेल? ओळखीपाळखी काढून, हातापाया पडून मिळवलेली जागा, आणि म्हणे चालेल! 'चालेल' खायला विमानानं कोण जातं? त्यांनी तडकाफडकी ती जागा सोडली आणि पाचही 'छान' टेबलं पक्की करून टाकली.

"पोरीला एकदा नीट विचारा की," मामी म्हणाल्या.

"विचारलं की! दगडाला पाझर फुटेल, पण ही धड खूश व्हायची नाही."

व्हिसाचा फोटो पुन्हा काढावा लागणार होता, म्हणून मामा तिला न्यायला दुपारी हॉटेलच्या मागच्या दारानं आत शिरले. वस्ताद एकेकाचं सूप चाखत होते. एका स्वयंपाक्याला ते म्हणाले, "छान आहे." त्याचा चेहरा पडला. मुकाट्यानं त्यानं पातेलं मोरीत उपडं केलं. मामा चक्रावले. मग भाचीचं पातेलं. वस्तादांनी चाखलं, पुन्हा चाखलं. "चालेल." भाचीचे कान आनंदानं लालबुंद झाले आणि सूप बाहेर गेलं.

मामांनी तिला कोपऱ्यात गाठलं. "छान म्हणजे काय गं तुमच्यात?"

"म्हणजे नुसतं दिसायला. ते कुणाला वाढायचं नाही."

"आणि चालेल?"

"गिऱ्हाइकापुढं ठेवायला चालेल. याच्यावर वस्ताद कधी जातच नाहीत. आम्हा सगळ्यांना तीच सवय लागलीय." तिचे डोळे चमकले. "मामा, त्या आजींकडची जागा मिळाली ना?"

"सोडली," मामा म्हणाले. आणि चूक आपली असली की माणूस दुसऱ्यावरच उखडतो. "अगं, तोंड नव्हतं तुला? घरी तरी घरचं मराठी बोल की! बाकीची नकोत म्हणून सांगायला काय झालं होतं?"

तिनं हात पुसले. "शाळा तुम्ही निवडलीत, कोर्स तुम्ही, चपलासुद्धा तुम्ही. आणि इतक्या हौसेनं दाखवता. नको कसं म्हणायचं, ते मला अजून येत नाही, मामा."

मामांना तिचा राग आला होता. आता स्वतःचाच येऊ लागला, आणि तो काढायचा कुणावर तेही कळेना. त्यांनी मोबाइलवर नंबर लावला आणि तिच्या हातात दिला. "तूच बोल."

फोन म्हातारीनंच उचलला. भाची मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलत होती. जागा नव्हती, पुढचे दोन महिने नव्हती. बाकीची पाच आहेत की, राहू दे, असं मामा हातानं खुणावत होते. तिनं पाठ फिरवली आणि विचारलं, जेवायला नको, भाजी चिरायला येऊ का?

मग ती फोनवर हात धरून वळली.

"हो म्हणतायत. पण आठवडाभर, सकाळपासून रात्रीपर्यंत. आणि एकटीनंच यायचं."

म्हणजे पाचही टेबलं गेली, आणि मामांचं विमानही. त्यांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. पण भाचीनं तोवर फोन कानाला लावला होता, आणि त्यांच्याकडे न बघताच ती हो म्हणाली.