लिंबू नसलेलं लेमनेड

"हे नाही," हर्शेल म्हणाले आणि त्यांनी पेला परत स्टुलावर ठेवला. ओठ ओले झाले असतील नसतील, एवढाच घोट.

ट्वायलाने मनातल्या मनात पीचवर काट मारली. रविवारी कलिंगड झालं होतं, सोमवारी स्ट्रॉबेरी, मंगळवारी ब्लॅकबेरी. रोज लिंबं पिळायची, फळ कुस्करायचं, साखरेचा पाक घालायचा, बर्फ टाकायचा आणि वडिलांच्या खोलीत जाऊन परीक्षेला बसायचं. परीक्षकांचा शेरा ठरलेला.

वसंतात झटका आला तेव्हापासून हर्शेल यांचा उजवा हात लुळा पडला होता आणि शब्द मोजके उरले होते. त्यात पाणी नकोसं झालं. वेस्ट व्हर्जिनियाच्या त्या दरीत ऑगस्टमध्ये कुत्रीसुद्धा गाड्यांखालून बाहेर निघत नाहीत, आणि हा माणूस दिवसाकाठी अर्धा पेला घशाखाली उतरवत होता. घरी तपासायला येणारी नर्स डेनिस सोमवारी स्पष्टच बोलली होती.

"मी शुक्रवारी येते, मिस ट्वायला. तोवर हे नीट प्यायला लागले नाहीत, तर मला त्यांना खाली पाठवावं लागेल. मग घरी परत येतील की नाही, ते मी सांगू शकत नाही."

खाली म्हणजे नदीकाठचं हॉस्पिटल आणि त्याला लागून असलेला वृद्धाश्रम. ट्वायलाची आई तिकडे चार दिवसांसाठी म्हणून गेली होती. तिचे कपडे तेवढे घरी आले. त्यामुळे ट्वायलाला भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. पण खरं सांगायचं तर भीतीच्या जोडीला तिला एक प्रश्नही कुरतडत होता. "काय प्याल?" असं विचारल्यावर वडील म्हणाले होते, "आईचं लाल लेमनेड." ट्वायला अठ्ठावन्न वर्षांची झाली, पण आजीच्या कुठल्या लाल लेमनेडचं नाव तिने आजवर ऐकलं नव्हतं. लाल म्हणजे कशाचं?

"चेरी होती का, डॅडी? रासबेरी?"

हर्शेल यांनी मान हलवली. "लिंबू नव्हतंच."

"लिंबाशिवाय लेमनेड? उद्या पिठाशिवाय बिस्किटं मागाल."

म्हाताऱ्याने डावी मूठ वळून उशीवर उभी धरली.

"चिडताय कशाला? गंमत केली."

ते चिडले नव्हते. मूठ तशीच उभी धरून ते तिच्याकडे बघत राहिले, आणि ढ मुलाकडे बघावं तसं बघत राहिले.

त्या दुपारी शेजारणीला त्यांच्यापाशी बसवून ट्वायला औषधं आणायला निघाली. दुसऱ्या वळणावर तिने करकचून ब्रेक लावला. रस्त्याकडेच्या झुडपांवर लाल, लवदार तुरे आभाळाकडे तोंड करून उभे होते. ज्वारीच्या कणसासारखे गच्च, वळलेल्या मुठीएवढे. सुमाक. एकतीस वर्षं याच रस्त्यावरून तिने शाळेची बस चालवली होती, आणि एकतीस वर्षं पोरांना दरडावलं होतं, "त्याला हात लावाल तर अंगावर टरारून फोड येतील."

तिने तिथूनच कृषी कार्यालयात फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, "पांढरी फळं खाली लोंबतात ते विषारी, मॅडम. लाल आणि उभे तुरे खुशाल वापरा. फक्त एक करा..." आणि दरीत नेहमी जाते तशी रेंज गेली. ट्वायला तेवढ्यावर खूश होती. आठदहा तुरे तोडून तिने घर गाठलं.

या डोंगरात प्यायचं काहीही करायचं तर आधी किटली चढते. चहा उकळायचा, गरम असतानाच साखर ढवळायची आणि मग गार करायचा, ही इथली रीत. ट्वायलाने तेच केलं. तुरे दहा मिनिटं खळखळ उकळले, रंग असा सुरेख आला की ती स्वतःवरच खूश झाली. हर्शेल यांनी घोट घेतला आणि सगळा चादरीवर थुंकला. तिने चाखून पाहिलं तर जीभ आखडली. कडू जहर.

"आगीत घातलंस?" ते तोंड पुसत म्हणाले. "गार. गार पाण्यात." मग जरा थांबून म्हणाले, "जवळ आलीस."

आठवडाभरात ते एका दमात एवढं बोलले नव्हते. ट्वायलाने हसत हसत चादर बदलली.

गुरुवारी सकाळी ती पुन्हा निघाली तेव्हा आभाळ भरून आलं होतं. गडगडाट झाला की हर्शेल कासावीस व्हायचे, पाय पलंगावरून खाली टाकायला बघायचे, हे महिनाभर चाललं होतं. विजेला घाबरतात असं समजून ती पडदा ओढून घ्यायची. आजही तिने पडदा ओढला, त्यांचा हात हातात घेऊन सर पडून जाईपर्यंत बसली आणि मग जाऊन वळणावरचे तुरे आणले. गार पाण्यात चुरून तीन तास ठेवले. पाणी जेमतेम गुलाबी झालं, आणि चव म्हणाल तर विसळलेल्या पेल्याची.

हर्शेल यांनी घोट घेऊन पेला ठेवला. या वेळी ते रागावले नाहीत, आणि तेच तिला सहन झालं नाही.

"आता काय चुकलं, डॅडी? सांगा ना. उद्या डेनिस येईल."

त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. "धुऊन गेलं."

"काय धुऊन गेलं?"

"आंबट." एकेक शब्द ओढून काढावा तसे ते बोलत होते. "वरवर असतं. लवीवर. ढग आले की आई ओरडायची. पोती घ्या. आम्ही सहाही भावंडं पळायचो. पावसाच्या आधी."

ट्वायला खाली बसली. महिनाभर हा माणूस पोतं घेऊन पळायला उठत होता, आणि ती पडदे लावून त्याला थोपटत होती. तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

रडत बसायला वेळ नव्हता. सकाळची सर कधीच सरली होती, पण बाहेर नवे ढग भरून पूर्वेला निघाले होते. या डोंगरात पाऊस एका उतारावर पडतो आणि दुसरा उतार कोरडा राहतो, हे तिला बसच्या काचेतून पाठ झालं होतं. डोंगराची धार ओलांडली की पलीकडे जुन्या लाकडी चर्चजवळ तुऱ्यांचं रानच होतं. तिने शेजारणीला हाक मारली आणि उशीचा अभ्रा ओढून काढला.

"कुठे?" हर्शेल यांनी विचारलं.

"पावसाच्या पुढे."

बस चालवताना तिने कधी वेगाची मर्यादा ओलांडली नव्हती. त्या दिवशी सगळी उधारी एकदम फेडली. धारेवर पावसाने तिला गाठलंच होतं, पण उतारावर तिने त्याला मागे टाकलं. चर्चजवळची धूळ अजून कोरडी होती. तिने एका तुऱ्याला बोट लावून चाटलं, आणि डोळे आपोआप मिटले. लिंबाच्या बापासारखं आंबट होतं. अभ्रा गळ्यापर्यंत भरला तेव्हा पहिला टपोरा थेंब तिच्या मानेवर पडला.

शुक्रवारी सकाळी डेनिसने स्वयंपाकघरातल्या बरणीकडे बघून भुवया चढवल्या. "हे तेच ना? शाळेत असताना मी याला हात लावला, तेव्हा फोड येतील म्हणून तुम्ही मला बसच्या पुढच्या सीटवर आणून बसवलं होतं."

"चुकलं माझं. पहाटे एक पेला मीच प्यायले, आणि बघ, अजून भांडतेय तुझ्याशी."

तिने पंच्याच्या दुहेरी कपड्यातून ते गाळलं, म्हणजे लव घशाला लागायला नको. साखर घातली आणि पेला आत नेला. डेनिस दारात वही घेऊन उभी राहिली. हर्शेल यांनी आधी वास घेतला. मग घोट घेतला. मग दुसरा. ट्वायला त्यांच्या गळ्याकडे घोट मोजावेत तशी बघत होती, आणि गळा हलतच राहिला. पेल्याच्या तळाशी बर्फ वाजला तेव्हा त्यांनी तो खाली केला. डोळे भरून आले होते, आणि ते लपवायची त्यांना गरज वाटली नाही.

"साखर जास्त झाली," ते म्हणाले. "आईकडे एवढी नसायची."

आणि त्यांनी रिकामा पेला तिच्यापुढे धरला.