जमुनाची हनुवटी

“तात काय बोलते ते आयक न, पोट्टे! दबकी बोलली म्हंजे कापूस वला!”

चार दिवस मी जमुनाच्या कानाशी अशी ओरडत होते. पिंजण म्हणजे कापूस पिंजायचं लाकडी धनुष्य, आणि तात म्हणजे त्याची आतड्याची दोरी. लाकडी दस्त्याने ठोकली की ती कोरड्या कापसावर टणकन वाजते आणि ओल्यावर मंद. पिंजाऱ्याचं अर्धं शहाणपण एवढंच. अब्बांचे डोळे गेल्यापासून पिंजण मीच चालवत होते आणि हाताखाली कुणीतरी हवं होतं, म्हणून आठ वर्षांची ही पोरगी घेतली. तर ती नुसती माझ्या तोंडाकडे बघून गोड हसायची. माझं डोकं असं तापायचं म्हणता!

चौथ्या दिवशी तिच्या पाठीमागे माझ्या हातून तांब्याचा हंडा आदळला. आतल्या खोलीत अब्बा दचकून उठले. जमुनाने मानसुद्धा वळवली नाही.

मी तरातरा तिच्या मावशीकडे गेले.

“बहिरी हाय हे पयले सांगतलं असतं, त तू घेतली असती काय?” गोदाबाई उलट माझ्यावरच तडकली. “हिची माय पटकीत गेली. माह्ये सोताचे पाच हायेत. अखाजीच्या सनापर्यंत शिकली त शिकली, नाई त अचलपूरले भांडे घासाले धाडतो!”

तणतणत घरी आले, तर ही बया पिंजणीच्या लाकडाला हनुवटी टेकवून बसलेली. बोटाने तात छेडत स्वतःशीच खुदुखुदु हसत होती. मीही हनुवटी टेकवून पाहिली. झणझण थेट दातांत! वीस वर्षं या घरात काढली मी आणि एवढं मला ठाऊक नव्हतं. लाजच वाटली.

मग शिकवणं पहिल्यापासून. कोरड्या कापसाला टाळी, ओल्याला नाक मुरडायचं. महिन्याभरात ती माझ्याआधी नाक मुरडू लागली आणि मी चुकले की पोट धरून हसूही लागली.

त्या साली दूर परदेशात कुठेतरी लढाई जुंपली होती, म्हणून आमच्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. अमरावतीत आमच्या दारावरून पहाटेपासून कापसाच्या बैलबंड्यांची रांग. चाकं कुरकुरत, हमाल बोंबलत. मला माझीच तात ऐकू येईना. वजन वाढावं म्हणून जो तो कापसावर पाणी मारी.

अखाजीला आठ दिवस राहिले असताना खुशालराव पाटील लेकीच्या लग्नाच्या गाद्या भरायला आले. “घरचा कापूस हाय, बाई. कोरडा ठाक!”

जमुना पिंजत होती. गोदाबाईही नेमकी तेव्हाच टपकली. अर्धा गठ्ठा झाला आणि जमुना थांबली. हनुवटी टेकवली, पुन्हा एक ठोका दिला, नाक मुरडलं.

मी कान दिला, पण बंड्यांच्या खडखडाटात कसलं काय! हात लावला, तर वरून कोरडाच लागला.

“हे मुकी पोट्टी माह्या कापसाले वला म्हंते?” पाटलांच्या मिशा थरथरल्या.

गिऱ्हाईक उठून गेलं की जमुना अचलपूरला गेलीच. लेकरू आहे, चुकलं असेल, असं म्हणून मला निभावून नेता आलं असतं. जमुना माझ्याकडे बघत होती.

“ते म्हंते त वलाच हाय, पाटील,” मी म्हणाले. “उसकटून पाहा.”

पाटलांनी रागाने गठ्ठा फाडला. पोटात चिंब ओला! त्यांनी गडी चंद्रभानकडे पाहिलं. चंद्रभान पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागला.

“मालक, बजाराच्या गठ्ठ्याईवर पानी मारत होतो... हाताले सवय पडली जी. हाही भिजला.”

पाटील लालबुंद झाले, आणि मग असे हसले की बैल बुजले. “म्हंजे मीच माह्या लेकीले वल्या गादीवर निजवत होतो! बाई, समद्या गाद्या हेच पोट्टी भरन.”

गोदाबाईने पदराने जमुनाच्या केसांतला कापूस झटकला आणि अचलपूरचं नाव न काढता निघून गेली.

सात वर्षांनी जमुना अचलपूरला गेलीच, पण सून म्हणून. निघताना अब्बांची पिंजण मी तिच्या खांद्यावर दिली. “भांडे घासाले नाई बरं,” गोदाबाई मला रडत रडत सांगत होती, जसं काही मला माहीत नव्हतं. मीही रडले.

लढाई केव्हाच मिटली, भाव उतरले, बंड्या विरळ झाल्या. जमुनाची फार आठवण येते. आता गल्लीत एवढं शांत असतं की नव्या पिंजणीची तात मला स्पष्ट ऐकू येते. तरी सकाळी पहिला ठोका देताना मी हनुवटी लाकडाला टेकवतेच.