मुठीची टाच

गौरीची पावलं काढायची मला भारी हौस. कुंकवाच्या पाण्यात मूठ बुडवायची, तिची कड जमिनीवर टेकवायची, वर बोटाने पाच ठिपके द्यायचे, झालं पाऊल. कानडी मुलखातल्या शिवाजीनगरच्या आमच्या गल्लीत भाद्रपदात चार घरची पावलं मीच काढायचे. बासष्ट साली हाच हात मला नडला.

माझी तुळजा तेव्हा सहा वर्षांची. जन्मताच रडली नाही, तेव्हा मेंदूला इजा झाली, असं जयनगरच्या डॉक्टर पद्मावती म्हणाल्या. डोक्याने तल्लख, पण चालायची चवड्यांवर, गुडघ्याला गुडघा घासत, आणि दर चार पावलांवर पडायची. त्यांनीच पाय ताणायचे व्यायाम शिकवले. वर म्हणाल्या, "महिन्यातून एकदा तळपायांना रंग लावून हिला कागदावर चालवा आणि तो कागद मला आणून दाखवा. टाच टेकली तर सरी, ठीक. नाहीतर प्लास्टर घालायचं."

प्लास्टर मला नको होतं. प्लास्टरात पाय वाळतो, असं शेजारच्या सोयराबाईंनी सांगून ठेवलं होतं. त्यात तीन महिने हात मोडेस्तोवर व्यायाम करून घेतले, तरी कागदावर नुसते चवडे! चौथ्या महिन्यात माझं डोकंच फिरलं. तुळजा बघत होती, तरी मी मूठ बुडवली आणि प्रत्येक चवड्यामागे एकेक टाच उठवली.

कागद पाहून डॉक्टर खूश झाल्या. मग त्यांनी तुळजाला टेबलावर निजवलं, पाऊल वर दाबून पाहिलं. ते वळेना.

"कागद एक सांगतो, पाय दुसरंच," त्या म्हणाल्या.

"टाचा आईनं काढल्या," तुळजा म्हणाली. "गौरीच्या काढतात तशा."

मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. डॉक्टर ओरडल्या नाहीत. "अम्मा, या कागदावरून मी उपचार ठरवते. टाच तुम्ही इथं काढलीत, तर जमिनीवर कोण टेकवणार?"

मी तिथेच रडले. "घाला प्लास्टर," म्हणाले.

सहा आठवडे दोन्ही पाय प्लास्टरात होते. ते काढलं तेव्हा पाय बारीक झाले होते खरे. सोयराबाई अगदीच खोटं बोलल्या नव्हत्या. "भरतील, स्वल्प धीर धरा," डॉक्टर म्हणाल्या. पुन्हा व्यायाम सुरू झाले.

महिन्याने घरी कागद पसरला. तुळजाने माझं बोट धरलं नाही, भिंत धरली. दहा पावलं चालली, पडली नाही. उजव्या पायाचे अजून चवडेच होते. पण डाव्या पायाच्या शेवटच्या तीन ठशांमागे काहीतरी फिकट उमटलं होतं. टाच होती ती! अर्धीच, पुसट. आनंदाच्या भरात सवयीने माझी मूठ वळली.

"हात लावू नकोस," तुळजा म्हणाली. "ती माझी आहे."

दोन्ही हात पदरात गुंडाळून मी कागद वाळेपर्यंत तिथेच बसून राहिले.