'हो' लिहिलेला रकाना

श्रीरामपूरच्या मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव पुकारणाऱ्या मच्छिंद्रकाकांच्या घशात गाठ निघाली. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्रच काढावं लागेल. ऑपरेशनला चार दिवस असताना त्यांची मुलगी पूजा शेजारच्या हर्षलच्या कॉम्प्युटर रिपेअरिंगच्या दुकानात आली.

"पप्पांचा आवाज रेकॉर्ड करून ठेवायचाय. आमच्या जुन्या लॅपटॉपवर होईल ना?"

"होईल की."

तो लॅपटॉप हर्षलनेच सुधारला होता. विंडोज चालेना, म्हणून त्याने त्यावर हायकू नावाची हलकी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली होती. ती वापरणारे फार थोडे. आवाज रेकॉर्ड करायचं लिनक्सवरचं एक ओपन-सोर्स सॉफ्टवेअर तिच्यावर चालावं म्हणून तो चार महिने राबला होता. ते इतरांनाही वापरता यावं म्हणून हायकूच्या वेबसाइटवर पाठवताना फॉर्ममध्ये एक प्रश्न होता: दोन तासांचं रेकॉर्डिंग तपासलं का? त्याने दहा मिनिटं "हॅलो, हॅलो" करून पाहिलं होतं. रकान्यात त्याने 'हो' लिहिलं.

काका पावणेदोन तास बोलले. लिलाव पुकारून दाखवला, पूजाच्या आईच्या आठवणी सांगितल्या, पूजाला लग्नात द्यायचा आशीर्वाद आधीच देऊन ठेवला.

ऑपरेशननंतर पूजाने फाइल लावली. अकरा मिनिटं आवाज, पुढे काहीच नाही.

हर्षलला अर्ध्या तासात कळलं. फाइल ठरावीक आकाराची झाली की त्याचा कोड डिस्कवर लिहायचं सोडून देत होता, आणि स्क्रीनवर आवाजाच्या रेघा मात्र हलत राहत होत्या.

"मशीन जुनं आहे गं," तो म्हणाला. "हार्डडिस्क गेली असणार."

गळ्यात नळी घातलेल्या काकांनी पाटीवर लिहिलं, 'जाऊ दे. तू लई कष्ट घेतले.'

हर्षलला ते वाचवेना. दोन दिवस दुकान उघडलं नाही. तिसऱ्या सकाळी तो काकांच्या खाटेपाशी जाऊन उभा राहिला.

"काका, हार्डडिस्क चांगली हाय. चूक माझ्या कोडमध्ये हाय. मी तपासलंच नव्हतं."

पूजा आतून आली. "मग तेव्हा काय सांगितलंस?"

"खोटं सांगितलं."

"ते अकरा मिनिटांत काय आहे माहितीये? पंखा बंद करू का, हेच चाललंय. आशीर्वाद पुढे होता."

काकांनी पाटी पालथी ठेवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्या दिवशी हर्षलने हायकूच्या वेबसाइटवर सगळ्यांना दिसेल असं लिहिलं: तपासलं नव्हतं, 'हो' खोटं होतं, हे सॉफ्टवेअर वापरू नका. मग चूक सुधारली, दोन तासांचं रेकॉर्डिंग केलं आणि शेवटपर्यंत कानाला लावून ऐकलं. कुणीतरी परदेशातून प्रामाणिकपणाबद्दल आभार मानले. त्या शब्दाने तो जास्तच खजील झाला.

आता काका यार्डात लिलावात ठरलेल्या भावाच्या चिठ्ठ्या लिहितात, पुकारतो दुसराच. तिकडे काम निघालं की हर्षल मागच्या गेटने जातो. गेल्या सोमवारी काकांनी लांबूनच हात केला. त्याने न पाहिल्यासारखं केलं, चार पावलं पुढे गेला, आणि मग थांबून मागे वळला.